अफू, क्लोरोफॉर्म आणि हृदयाची शस्त्रक्रिया



आमचा परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, हे आपण जाणताच. त्या संस्थानाच्या राजधानीत वेदनाशमनाच्या इतिहासातील एक मोठा वाद लढला गेला, हे मात्र शाळांतून क्वचितच सांगितले जाते. तेथील रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचे म्हणणे असे की, क्लोरोफॉर्मने रोगी दगावतो तो श्वास बंद पडून. हृदयास त्यापासून भय नाही. १८८८ साली ह्यासाठी एक कमिशन बसले, १८८९ साली दुसरे. दुसऱ्या वेळी लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्राने डॉ. लॉडर ब्रंटन यांना धाडले आणि निजाम सरकारने पैसा पुरविला. शेकडो जनावरांवर प्रयोग होऊन निकाल लॉरींच्या बाजूने लागला. पुढे १९११ साली लेव्ही नामक संशोधकाने मांजरांवर दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची गुंगी हलकी असतानाच हृदय एकाएकी फडफडून थांबू शकते. तरीही निजामाचे रुपये अगदीच व्यर्थ गेले असे मी म्हणणार नाही. रोग्याच्या श्वासावर नजर ठेवण्याचा लॉरींचा आग्रह योग्यच होता.

हृदयास न दुखविता वेदना कशी शमवावी, हा प्रश्न खुद्द हृदयावरच शस्त्र चालू लागल्यावर अधिक बिकट झाला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ साली हृदयारोपण केले. पुढल्याच वर्षी बोस्टनच्या डॉक्टरांनी अफूच्या सत्त्वाचा, म्हणजे मॉर्फीनचा, आपला अनुभव प्रसिद्ध केला. मॉर्फीन हृदयाच्या आकुंचनास फारसा धक्का लावीत नाही, म्हणून त्यांनी ते दर किलो वजनास अर्ध्यापासून ३ मिलिग्रॅमपर्यंत दिले. ६० किलोच्या माणसास हे ३० ते १८० मिलिग्रॅम होतात. एरवी शस्त्रक्रियेनंतर १० मिलिग्रॅमची सुई पुष्कळ होते! हृदय स्थिर राही, पण श्वास दबून जाई, आणि रोग्यास दुसऱ्या दिवसापर्यंत श्वासयंत्रावर ठेवावे लागे.

१९९० नंतर ही नळी काही तासांतच काढण्याचा प्रघात पडला आणि मॉर्फीनवर्गाच्या औषधांची मात्रा उतरू लागली. तिच्या जागी एकच औषध आले नाही. पॅरासिटामॉल ठरल्या वेळी देतात. २०१६ साली वर्णिलेल्या रीतीप्रमाणे, अल्ट्रासाऊंडने पाहून, कण्यालगतच्या स्नायूखाली बधिर करणारे औषध सोडतात. डायक्लोफिनॅकच्या जातीच्या गोळ्या आपल्या घरोघरी असतात. पण बायपासच्या वेळी त्या निषिद्ध होत, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी २००५ साली दिला. घरच्यांनी आपल्या मनाने त्या देऊ नयेत.

आपल्या देशात ह्या प्रश्नास दुसरीही बाजू आहे. मध्य प्रदेश, राजस्थान येथे परवान्याने अफू पिकते. परंतु १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानंतर रुग्णालयांना मॉर्फीन बाळगणे इतके अवघड झाले की २०१४ साली तो कायदा सैल करावा लागला. मात्रा कमी करणे निराळे आणि रोग्यास तळमळत ठेवणे निराळे. बायपासमध्ये छातीचे मधले हाड चिरून पुन्हा तारांनी सांधलेले असते. दुखते म्हणून रोगी खोकत नाही, मग कफ साठून फुप्फुसास सूज येण्याची भीती असते. आमचा मराठी माणूस विचारले असता ‘सोसवते’ एवढेच म्हणतो. म्हणून शहाणा डॉक्टर त्याला उशी छातीशी धरावयास सांगतो आणि खोकून दाखवावयास लावतो.