स्पर्लिंग चाचणीची कुळकथा

रुग्णाला खुर्चीत बसवायचं, डोकं दुखऱ्या बाजूला कलवायचं आणि माथ्यावर हलकेच खाली दाब द्यायचा. नुसती मान दुखली, तर त्यावरून फारसं काही ठरत नाही. पण कळ खांद्यावरून दंडात आणि तिथून बोटांपर्यंत उतरली, तर मानेतली शीर दबली असल्याचा संशय बळावतो. ही स्पर्लिंग चाचणी. ना सुई, ना यंत्र.

तिचा जन्म ज्या काळात झाला, त्या काळात दुखऱ्या हाताचं मूळ मानेच्या मणक्यांत शोधायची रीतच नव्हती. खांद्याचा सांधा सुजलाय, मानेत एखादी जादा बरगडी आहे, मानेच्या पुढचे स्नायू शिरेला आवळताहेत, अशी निदानं होत. १९३४ साली बॉस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी दाखवून दिलं की दोन मणक्यांमधली गादी फुटून बाहेर आली की ती शिरेवर दाबते. त्यांचे बहुतेक रुग्ण कंबरेचे होते, त्यामुळे मान काही वर्षं मागेच राहिली.

पुढची पायरी १९४३ ची, आणि मला ती या साऱ्या कथेतली सर्वांत महत्त्वाची वाटते. मेम्फिसच्या सेम्स आणि मर्फी यांनी चार रुग्णांची हकीकत छापली. मानेतली सहावी गादी फुटून सातवी शीर दबली होती, पण दुखणं असं, की हृदयविकारच वाटावा. छातीत आणि हातात कळ आली की माणसाच्या मनात आधी काय येतं, हे कुणाला सांगायला नको. हृदय ठणठणीत असताना हृदयरोगी म्हणून जगावं लागणं ही केवढी शिक्षा! (याची उलट बाजूही तितकीच खरी : छातीत दाब, घाम, धाप असेल, तर मानेचा विचार नंतर, आधी हृदयाची तपासणी.)

लगेच १९४४ मध्ये ग्लेन स्पर्लिंग आणि विल्यम स्कोव्हिल यांचा लेख आला. स्पर्लिंग केंटकीतल्या लुईव्हिलचे, मेंदूचे शल्यविशारद हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली शिकलेले, आणि युद्धामुळे तेव्हा लष्करी सेवेत. मानेची गादी बाजूला फुटणं हे खांदा आणि हात दुखण्याचं नेहमीचं कारण आहे, असं त्यांनी मांडलं, आणि ते ओळखायची ही युक्तीही दिली. मान कलवली की शीर बाहेर पडण्याची फट त्या बाजूला अरुंद होते. दबलेली शीर आणखी चिमटते. विरुद्ध बाजूला कलवलं, तर बहुधा आराम पडतो.

कळ कुठे उतरते तेही सांगून जातं. अंगठ्याकडे मुंग्या आल्या तर सहावी शीर, मधल्या बोटाकडे आल्या तर सातवी, करंगळीकडे आल्या तर आठवी. बोटांच्या हद्दी थोड्याफार एकमेकींत मिसळतात. पण ‘हात दुखतो’ एवढ्यावर न थांबता नेमकं बोट दाखवणारा रुग्ण डॉक्टरांचं अर्धं काम करतो.

काही रुग्णांनी तर आपली चाचणी आपणच शोधली होती. दुखरा हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, म्हणून ते तसेच बसत, तसेच झोपत. हात वर गेला की शिरेवरचा ताण सैल होतो. वैद्यकाच्या नियतकालिकात ही खूण १९८१ साली नोंदली गेली.

स्पर्लिंग चाचणीत कळ उतरली तर तिला वजन आहे; उतरली नाही म्हणून शीर मोकळी, असं मात्र नाही. २००३ मध्ये रॉबर्ट वेनर आणि सहकाऱ्यांनी तिला आणखी तीन चाचण्यांची जोड दिली : हाताची शीर ताणून पाहणं, डोकं वर उचलून आराम पडतो का पाहणं आणि दुखऱ्या बाजूला मान ६० अंशांपर्यंत तरी वळते का, हे पाहणं. एमआरआय आला तरी ही हातची तपासणी सुटू नये, कारण काही न दुखणाऱ्या माणसांच्या चित्रातही सरकलेल्या गाद्या दिसतात.

घरी कुणी कुणाचं डोकं दाबून पाहू नये. पडल्यावर किंवा अपघातानंतर तर मुळीच नाही. शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली, चाल डळमळली, लघवीवरचा ताबा गेला, तर दाब मज्जारज्जूवर असू शकतो. तेव्हा थांबायचं नाही. इतरांसाठी मोठा दिलासा मिनेसोटातल्या रॉचेस्टरच्या पाहणीत आहे. कुरुपथ राधाकृष्णन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ती छापली. ५६१ रुग्णांपैकी साधारण चौथ्या हिश्शावर शस्त्रक्रिया झाली होती, आणि शेवटच्या तपासणीत दहांतल्या नऊ जणांना एक तर त्रासच नव्हता, किंवा होता तो किरकोळ.