सिंहस्थ कुंभमेळा आणि नाशिककरांची व्यथा

गुरू ग्रह सिंह राशीत असताना, साधारणतः दर १२ वर्षांनी, नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे भरणाऱ्या कुंभमेळ्यास सिंहस्थ असे म्हणतात. नाशिक येथे वैष्णव आखाडे गोदावरीच्या रामकुंडात, तर सुमारे ३० किलोमीटर अंतरावरील त्र्यंबकेश्वर येथे शैव आखाडे कुशावर्त तीर्थात स्नान करतात. या सोहळ्याबद्दल नाशिककरांना अभिमान आहे. तथापि, यजमान म्हणून सोसाव्या लागणाऱ्या गैरसोयींबद्दल त्यांच्या मनात नाराजीही आहे.

जागेची अडचण

प्रयागराज येथे कुंभमेळा नदीकाठच्या विस्तीर्ण वाळवंटात वसविला जातो. नाशिकला अशी मोकळी जागा नाही. रामकुंड पंचवटीच्या जुन्या, दाट वस्तीत असून तेथे जाणारे अनेक मार्ग अरुंद व उताराचे आहेत. शिवाय प्रमुख पर्वण्या श्रावण-भाद्रपदात, म्हणजे ऐन पावसाळ्यात येतात.

२००३ आणि २०१५

२७ ऑगस्ट २००३ रोजी शाही स्नानाच्या दिवशी काळाराम मंदिर ते सरदार चौक परिसरात चेंगराचेंगरी होऊन ३० हून अधिक भाविकांचा मृत्यू झाला. त्यामुळे २०१५ च्या सिंहस्थात सुरक्षेवर विशेष भर देण्यात आला. मात्र २९ ऑगस्ट २०१५ च्या पहिल्या पर्वणीला रस्तोरस्ती लोखंडी अडथळे उभारण्यात आल्याने भाविकांना मैलोन्‌मैल पायपीट करावी लागली आणि स्थानिकांना घराबाहेर पडणे कठीण झाले. अपेक्षेपेक्षा कमी गर्दी झाल्याने व्यापाऱ्यांचीही निराशा झाली. टीकेनंतर पुढील पर्वण्यांना निर्बंध शिथिल करण्यात आले.

त्याच वर्षी मराठवाड्यात तीव्र दुष्काळ होता. पर्वणीसाठी गंगापूर धरणातून पाणी सोडण्यास आक्षेप घेणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली. पिण्याच्या पाण्याला प्राधान्य असावे, हा त्यातील मुख्य मुद्दा होता.

नदी आणि वृक्ष

रामकुंड परिसरातील काँक्रिटीकरणामुळे नदीपात्रातील जिवंत झरे बुजले, असे गोदावरीप्रेमी नागरिकांचे म्हणणे आहे. तपोवनात साधुग्राम उभारण्यासाठी दीड हजारांहून अधिक झाडे हटविण्याच्या प्रस्तावाला २०२५ च्या अखेरीस नागरिकांनी तीव्र विरोध केला. साधूंच्या निवासाला आमचा आक्षेप नाही, झाडे तोडण्याला आहे, अशी त्यांची भूमिका होती.

नियोजनात रहिवासी कोठे?

सिंहस्थाच्या निमित्ताने शहराला रस्ते, पूल व घाट मिळतात, हे नाशिककरही मान्य करतात. त्यांची तक्रार श्रद्धेबद्दल नसून नियोजनाबद्दल आहे. भाविकांच्या संख्येचा अंदाज बांधून वाहनतळ, पोलीस बंदोबस्त व घाट यांची आखणी होते. परंतु अडथळ्यांच्या आतील घरातून रुग्णाला रुग्णालयात कसे न्यावे, दूध व भाजी कशी पोहोचावी, कामगाराने कामावर कसे जावे, हे प्रश्न मागे पडतात. २००३ मध्ये बंदोबस्त अपुरा ठरला, तर २०१५ मध्ये तो जाचक वाटला. रहिवाशांना हवा आहे तो या दोहोंमधील सुवर्णमध्य.

२०२५ मध्ये जाहीर झालेल्या कार्यक्रमानुसार, ध्वजारोहणासाठी ३१ ऑक्टोबर २०२६, तर नाशिक येथील अमृत स्नानांसाठी २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट व ११ सप्टेंबर २०२७ या तारखा निश्चित करण्यात आल्या. वस्तीनिहाय ये-जा करण्याचे मार्ग आधीच जाहीर करणे आणि आराखडा ठरविताना पंचवटीतील रहिवाशांना विचारात घेणे, या दोन गोष्टी घडल्या, तरी पाहुण्यांच्या स्वागतात यजमानाचा कोंडमारा बऱ्याच अंशी टळू शकेल.