परवाना नाकारणारे कलावंत

मे १९४० मध्ये जर्मनीने नेदरलँड्स व्यापला. पुढच्याच वर्षी तेथील नाझी राजवटीने ‘कुल्तूरकामर’ हे संस्कृती-मंडळ स्थापले. त्याच्या सभासदत्वाविना चित्रे मांडणे, नाटक करणे वा पुस्तक छापणे निषिद्ध ठरले. ज्यूंना तर प्रवेशच नव्हता.

शिल्पकार गेरिट व्हान डर वेन यांनी सभासदत्व नाकारले. प्रदर्शनांची दारे बंद झाली, हातातले कसब मात्र उरले. त्यांच्या गुप्त गटाने लपलेल्या ज्यूंसाठी व इतरांसाठी हजारो बनावट ओळखपत्रे तयार केली.

पण सरकारी दप्तरातील मूळ नोंदींशी ताडून पाहताच ही पत्रे उघडी पडत. म्हणून २७ मार्च १९४३ च्या रात्री ते, चित्रकार विलेम आरोंदेउस आणि सहकारी यांनी पोलिसांच्या वेशात ॲम्स्टरडॅमचे नोंदणी कार्यालय पेटवले. आरोंदेउस यांना त्याच वर्षी, तर व्हान डर वेन यांना १९४४ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या.