पोट का गुरगुरते?

वर्गात पोट गुरगुरले की मुले हसतात, ते पोर मान खाली घालते. खरे तर हा आवाज प्रत्येकाच्याच पोटातून येतो. जठर आणि आतडी आकुंचन पावून हवा व द्रव पुढे ढकलतात, त्याचा हा आवाज. पोट रिकामे असताना साधारण दर 90 ते 120 मिनिटांनी आतडी साफ करणारी लाट येते. आत अन्न नसल्याने ती मोठ्याने ऐकू येते.

उपाय साधे आहेत : सकाळी पेज किंवा नाचणीची भाकरी खाऊन निघावे, सावकाश चावावे, कोल्ड्रिंक टाळावे. सोबत पोटदुखी, जुलाब असतील किंवा वजन घटत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. रत्नागिरीतल्या वाड्यांतून हायस्कूलला चालत येणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांना तो नाही. त्यांच्या पोटाचा आवाज हसण्यावारी नेऊ नका. सकाळी काय खाल्लेस, एवढे विचारा.