हॅझॉप अभ्यास

रासायनिक कारखाना, तेलशुद्धीकरण किंवा वायुप्रक्रिया प्रकल्पात काय बिघडू शकेल आणि त्यातून कोणता धोका उद्भवेल, हे आधीच शोधून काढण्याची पद्धत. ब्रिटनमधील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीत १९६०च्या दशकात ती आकाराला आली. ट्रेव्हर क्लेट्झ यांनी तिचा जगभर प्रसार केला.

नळ्या व उपकरणांचा आराखडा समोर घेऊन त्याचे भाग पाडतात. प्रत्येक भागातील प्रवाह, दाब, तापमान, पातळी यांना ‘नाही’, ‘जास्त’, ‘कमी’, ‘उलट’ हे सूचक शब्द लावतात. ‘प्रवाह नाही’ म्हटले की पंप बंद पडला का, झडप मिटलेली राहिली का, पुढे काय होईल, सध्या बचाव कोणता आहे, हे सगळे मिळून तपासतात.

ऑस्ट्रेलियात लाँगफर्ड येथील एस्सो कंपनीच्या वायुप्रकल्पात २५ सप्टेंबर १९९८ रोजी नेमका गरम तेलाचा प्रवाह थांबला. हीट एक्स्चेंजर शून्याखाली गारठला, त्याचे पोलाद ठिसूळ झाले आणि गरम तेल पुन्हा सोडताच तो फुटला. दोन कामगार मृत्युमुखी पडले, आठ जखमी झाले. व्हिक्टोरिया राज्याचा गॅसपुरवठा सुमारे दोन आठवडे विस्कळीत राहिला. हा अपघात झाला त्या जुन्या विभागाचा हॅझॉप ठरला होता, पण झालाच नव्हता, असे चौकशी आयोगाला आढळले. प्रकल्पातील अभियंते १९९२मध्येच मेलबर्नला हलवले गेले होते.

म्हणून अभ्यास सुधारायचा तर आधी माणसे पाहावीत. पाळीत काम करणारा अनुभवी ऑपरेटर बैठकीत नसेल, तर प्रत्यक्ष काय घडते ते कागदावर येत नाही. आराखडाही प्रकल्पात फिरून पडताळावा लागतो. ब्रिटनमधील फ्लिक्सबरो येथील रासायनिक कारखान्यात १९७४मध्ये २८ जणांचा बळी घेणाऱ्या तात्पुरत्या जोडनळीचे रेखाटन कार्यशाळेच्या जमिनीवर खडूने केलेले होते. असा बदल कोणत्याच अभ्यासापुढे येत नाही. प्रकल्प सुरू करणे, बंद करणे आणि दुरुस्ती या अवस्था वेगळ्या तपासाव्यात, कारण नेहमीच्या चालू स्थितीवरच चर्चा रेंगाळते.

अमेरिकेच्या १९९२च्या नियमांनुसार हॅझॉपसारखे धोका-विश्लेषण किमान दर पाच वर्षांनी अद्ययावत करून पुन्हा प्रमाणित करावे लागते. त्यातून निघालेल्या प्रत्येक शिफारशीचा वेळेत निपटारा करून त्याची लेखी नोंद ठेवणेही बंधनकारक आहे.