सागरगोटे ते मोबाइल गेम



एक सागरगोटा वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे टिपायचे आणि वरचाही झेलायचा. नजर आणि हाताचा हा मेळ सातारा-सांगलीच्या वाड्यावस्त्यांवर आपल्या आज्या खेळताखेळता शिकल्या.

१९७२ साली अमेरिकेत ‘पाँग’ हा व्हिडिओ गेम आला. पडद्यावरचा ठिपका बघायचा, हातानं बटण फिरवायचं. मेळ तोच! २००७ साली तिथल्या ३३ सर्जनांचा अभ्यास छापून आला. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून जास्त गेम खेळलेल्यांच्या हातून दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या सरावात ३७ टक्के कमी चुका झाल्या. याचा अर्थ दिवसभर मोबाइल द्यावा असा नाही. पण खेळ म्हणजे निव्वळ वेळ घालवणं, असंही नाही.

साताऱ्याच्या अदिती स्वामीनं २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीचं जागतिक सुवर्ण जिंकलं, तेव्हा ती १७ वर्षांची होती. त्याच वयात आपल्याकडं मुलाच्या हाती मोबाइल येतो आणि मुलीचे सागरगोटेही सुटतात. बायांनो, पुढच्या बैठकीत आपण हिशेबाच्या वहीबरोबर एवढंही विचारूया: आपल्या लेकींना रोज खेळायला किती वेळ मिळतो?