जड घोडा, हलका घोडा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

परवा माझा पुतण्या घरी आला तो हातात दोन रंगीत माहितीपत्रकं घेऊनच. मोखाडा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात तो आरोग्य अधिकारी आहे. आठवडाभर तिकडे राहतो आणि शनिवारी नाशिकला घरी जातो. पहिल्या दोन-तीन वर्षांच्या पगारातून शिल्लक टाकून आता त्याला मोटारसायकल घ्यायची आहे. माहितीपत्रकं माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "काका, तुम्ही सांगा, यातली कोणती घेऊ?"

एक होती रॉयल एन्फील्डची सुपर मीटिऑर, 648 सीसीची. पाय पुढे पसरून, पाठ ताठ ठेवून दिवसभर बसावं अशी ऐसपैस गाडी. वजन 241 किलो. दुसरी सुझुकीची जिक्सर एसएफ 250. पुढून वारा कापणारं आवरण, जरा पुढे झुकलेली बैठक, वजन 161 किलो. दोन्ही लांबच्या प्रवासाच्या म्हणून त्याच्या मनात भरलेल्या. फरक बरोबर ऐंशी किलोंचा. म्हणजे पहिल्या गाडीवर एकटं बसलं तरी मागे एक धडधाकट माणूस कायमचा बसलेलाच असतो म्हणायचं.

मी इतिहासाचा विद्यार्थी. नोकरी केली शिक्षण विस्तार अधिकाऱ्याची, तीही याच जव्हार-मोखाड्यात. त्यामुळे त्याच्या प्रश्नाला सरळ उत्तर न देता मी त्याला साडेतीनशे वर्षं मागे नेलं. तो जरा कंटाळला. तुम्ही कंटाळणार नाही अशी आशा आहे.

जव्हार शहराबाहेर शिरपामाळ नावाचं ठिकाण आहे. डिसेंबर 1663 च्या अखेरीस शिवाजी महाराज सुरतेच्या मोहिमेवर निघाले, ते त्र्यंबकेश्वराकडून घाट उतरून या मुलखात आले. जव्हारचे मुकणे राजे विक्रमशाह यांनी त्यांचं इथे स्वागत केलं. राजांनी महाराजांना शिरपेच दिला म्हणून या माळाला शिरपामाळ म्हणतात, अशी इथली परंपरा सांगते. पुढे जानेवारी 1664 मध्ये सुरतेत काय झालं ते शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे.

मला या हकिगतीत नेहमी घोडे दिसतात. मोगलांच्या फौजेत अरबी, तुर्की जातीची उंच जनावरं असत. सपाट मैदानावर, चिलखत घातलेला स्वार घेऊन चालून जायला त्यांच्यासारखं जनावर नाही. मराठ्यांचं घोडं म्हणजे भीमेच्या खोऱ्यातलं भीमथडी तट्टू. अंगानं लहान, खायला थोडं, पण काटक. डोंगरातली अरुंद वाट, ओढ्यातला गोटा, रात्रीची दौड, सगळं त्याला चालतं. आजच्या भाषेत सांगायचं तर तेव्हाही जड गाडी आणि हलकी गाडी असे दोन पर्याय होतेच. मात्र एक गोष्ट विसरायची नाही. सुरतेला जाताना ही तट्टं रिकामी होती आणि परत येताना लादलेली. जाताना हलकं असावं आणि येताना ओझं पेलावं, ही दोन्ही अपेक्षा एकाच जनावराकडून करायची, हा वाहनाचा जुनाच पेच आहे.

यंत्राचं युग आलं तरी तो सुटला नाही. रॉयल एन्फील्ड हे नाव घेतलं की आपल्याला भारदस्त बुलेटच आठवते. पण दुसऱ्या महायुद्धात याच कंपनीने इंग्लंडमध्ये 125 सीसीची एक चिमुकली मोटारसायकल बनवली होती. वजन जेमतेम साठ किलोंच्या आसपास. लोखंडी पिंजऱ्यात घालून ती हवाई छत्रीने खाली सोडत. रस्ता संपला, कुंपण आडवं आलं, तर सैनिक ती उचलून पलीकडे नेत. तिला नाव पडलं फ्लाइंग फ्ली, म्हणजे उडती पिसू.

आणि त्याच कंपनीची 350 सीसीची बुलेट पन्नाशीच्या दशकात आपल्या सरकारने सैन्यासाठी आणि पोलिसांसाठी निवडली. 800 गाड्यांची मागणी गेली. 1955 मध्ये मद्रास मोटर्सबरोबर भागीदारी होऊन एन्फील्ड इंडिया उभी राहिली. सरहद्दीवर गस्त घालायला दमदार गाडी हवी, तर विमानातून उडी मारलेल्या सैनिकाला उचलता येईल अशी हवी. कारखाना एकच, पण कामं दोन, म्हणून गाड्याही दोन.

पुढे जगात या दोन वाटा आणखी रुंदावल्या. 1975 मध्ये होंडाने हजार सीसीची गोल्ड विंग आणली आणि कालांतराने ती चाकांवरचा दिवाणखानाच झाली. 1976 मध्ये बीएमडब्ल्यूने आर 100 आरएस काढली. वाऱ्याच्या बोगद्यात तपासून घडवलेलं संपूर्ण आवरण तिच्यावर होतं. लांबचा पल्ला गाठायचा, पण वळणांची मजा न गमावता, ही कल्पना तिच्यापासून रुजली. पुतण्याच्या हातातली दोन माहितीपत्रकं ही त्याच दोन घराण्यांची लांबची नातवंडं.

आपल्याकडे मात्र निवड करण्याइतक्या गाड्याच नव्हत्या. बुलेट, म्हैसूरला बनणारी जावा आणि तिचीच पुढे झालेली येझदी, आणि दुधाच्या किटल्या लटकवलेली राजदूत. 1972 मध्ये फिरोदियांची लूना आली. गरिबाला परवडणारं, पेडल मारता येईल असं वाहन. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांशी सहकार्य करायला सरकारने परवानगी दिली आणि चित्र पालटलं. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली, त्याच वर्षी यामाहाची आरएक्स 100 आली. शंभर सीसीची गाडी घाट चढते, हे तोवर कुणी मानायला तयार नव्हतं.

मीही नव्हतो. म्हणून 1987 मध्ये मी नाशिकहून जुनी बुलेट घेतली. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. आधी अँमीटरचा काटा मध्यावर आणायचा, मग किक मारायची. चुकलं तर किक उलटून पोटरीवर बसायची. पण एकदा सुरू झाली की तोरंगणचा घाट ती हत्तीसारखी चढायची. गावात गेलो की पोरं गोळा व्हायची. खरं सांगायचं तर गाडी मी रस्ता बघून घेतली नव्हती, रुबाब बघून घेतली होती.

जव्हार-मोखाड्याचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही, त्यांना सांगतो. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं, तेही मुख्यतः चार महिन्यांत. डांबरी सडक सोडली की लाल चिखल. पहिल्याच पावसाळ्यात एका शाळेकडे जाताना मी आडवा झालो आणि गाडी पायावर पडली. अर्धा तास तसाच पडून होतो. शेवटी शेतावर निघालेल्या दोघांनी ती उभी केली. त्यातला म्हातारा हसून म्हणाला, "सायेब, ही गाडी नाय, रेडा हाय."

माझे एक स्नेही आरोग्य केंद्रात होते. त्यांच्याकडे आरएक्स 100. आमची नेहमी जुंपायची. एकदा कागदावर हिशोब मांडला. माझी 346 सीसी, 18 अश्वशक्ती, वजन एकशेपासष्ट किलोंच्या घरात. त्यांची 98 सीसी, 11 अश्वशक्ती, वजन शंभर किलोंच्या आसपास. भागाकार केला तर दर किलोमागे ताकद जवळपास सारखीच! ते टाळ्या पिटू लागले. मग मी म्हटलं, आता दोन माणसं बसवा. त्यांचं एकशेचाळीस किलो ओझं दोन्हीकडे मिळवलं, तर पारडं बुलेटकडे झुकलं. हलक्या गाडीला प्रत्येक जास्तीचा किलो जड जातो. शिवाय बुलेटचं इंजिन लांब पल्ल्याच्या दट्ट्याचं आणि जड चाकाचं, म्हणजे कमी फेऱ्यांत ओढणारं. टू-स्ट्रोक गाडी फेऱ्या वाढल्याशिवाय जोर धरत नाही आणि घाट उतरताना इंजिनाचा अटकाव फारसा करत नाही. दोघंही आपापल्या परीने खरे ठरलो आणि वाद तसाच राहिला.

तो मिटला 1993 च्या आषाढात. आदल्या वर्षीपासून जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचं नाव देशभर गाजत होतं. तिथे कुपोषणाने शंभराहून अधिक बालकं दगावली होती, आणि मंत्र्यांपासून पत्रकारांपर्यंत सगळ्यांच्या गाड्या या भागात येत होत्या. पण त्या थांबायच्या डांबर संपेल तिथे.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं खोडाळ्याच्या पुढे एका ओढ्याशी उभे होतो. पलीकडून दोन माणसं आली. आणखी पाचेक किलोमीटरवरच्या पाड्यावर चार वर्षांचं पोर हगवणीनं निपचित पडलं होतं. ओढ्याला मांडीभर पाणी. माझ्या गाडीचा प्रश्नच नव्हता. त्या माणसांनी आरएक्सच्या सांगाड्याला दोरानं वासा बांधला, आणखी दोघांना हाक मारली आणि चौघांनी खांद्यावर घेऊन गाडी पलीकडे नेली. वासा, दोर, चार खांदे. आजारी माणसाची डोली नेतात ना, अगदी तशी. मी माझ्या रुबाबदार गाडीपाशी छत्री धरून उभा राहिलो. आयुष्यात इतकं निरुपयोगी मला क्वचितच वाटलं असेल.

दीड तासाने दिवा दिसला. पोर आईच्या कुशीत, आई स्नेह्यांच्या मागे. पोराला आणि आईला धरून ओढा पार करवला. आता पुढे जव्हारचं कुटीर रुग्णालय. अंधार, पाऊस, चढउतार आणि गाडीवर तीन जीव. स्नेही म्हणाले, "आता तुमची काढा." त्या बाईला मागे बसवलं, पोर आमच्या दोघांच्या मध्ये. बुलेट दुसऱ्या गिअरमध्ये धप धप करत निघाली. खड्ड्यांत बसली, पण डगमगली नाही. रुग्णालयात सलाईन लागलं आणि पोर वाचलं. त्या रात्री दोन्हींपैकी एकच गाडी असती तर ते वाचलं नसतं, असं मला आजही वाटतं.

ही गोष्ट ऐकून पुतण्या गप्प झाला. मग म्हणाला, "काका, पण आता रस्ते झालेत."

झालेत, हे खरं आहे. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून फुटून पालघर जिल्हा झाला. त्र्यंबक-मोखाडा-जव्हारच्या रस्त्याला राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा मिळाला. 2017 मध्ये मुंबईत मोटारसायकल रुग्णवाहिका सुरू झाल्या आणि पुढे आदिवासी भागातही त्या दिल्या गेल्या. मोठी रुग्णवाहिका अडते तिथे दोन चाकं पोहोचतात, हे माझ्या स्नेह्यांचं म्हणणं सरकारने पाव शतकानंतर मान्य केलं म्हणायचं. पण ऑगस्ट 2022 ही फार जुनी गोष्ट नाही. मोखाड्यातल्याच बोटोशीच्या मर्कटवाडीत एका बाईची वेळेआधी प्रसूती झाली. जुळी बाळं गेली आणि त्या माउलीला तीन किलोमीटर डोलीतून आणावं लागलं. तिथे माहितीपत्रकातली पहिली गाडी जात नाही आणि दुसरीही जात नाही. दोन्ही डांबरावरच्याच.

म्हणून पुतण्याला मी एवढंच सांगितलं. गाडी किती पळते ते विचारू नकोस, ते सगळेच सांगतात. तू कुठे जाणार, एकटा की दुकटा, आणि पडली तर उचलणार कोण, हे तीन प्रश्न विचार. लडाखचं स्वप्न वर्षातून एकदाचं आहे. शनिवारचा तोरंगण घाट वर्षातून बावन्न वेळा आहे.

मग त्याला अंगणात नेलं. माझी बुलेट अजून आहे. ती गोणपाटावर आडवी केली आणि म्हटलं, "उचल, एकट्याने." पहिल्यांदा जमलं नाही. मी सांगितलं, गाडीकडे पाठ कर, गुडघे वाक, हँडल आणि मागचा दांडा धर, पाठीने नाही, मांड्यांनी रेट. दुसऱ्या वेळी उभी राहिली. घाम पुसत त्याने हिशोब केला, "काका, ती मोठी हिच्यापेक्षाही पाऊणशे किलोंनी जड आहे."

त्याने हलकी नोंदवली. मला बरं वाटलं, पण ती घेऊनही त्याचं काम डांबराच्या टोकालाच थांबणार आहे. तिथून पुढे त्याला चालावं लागेल. जाताना तो स्वतःच म्हणाला, "उरलेल्या पैशांत पावसाळी बूट घेतो." हा पोरगा मोखाड्यात टिकेल, अशी माझी खात्री तेव्हा पटली.